भडोचचे हरपाळदेव, महाराष्ट्राचे श्रीचक्रधर

सुरत-भडोच महामार्ग तापी नदी ओलांडतो त्या परिसरात कामरेज नावाचे जुने गाव आहे. स्वातंत्र्यापूर्वी ते गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, नवसारी प्रांतात मोडत असे. परंतु गावाचे वय गायकवाडीहून पुष्कळ मोठे आहे. सातव्या शतकाच्या अखेरच्या चालुक्य ताम्रपटांत कार्मणेय नावाच्या ज्या आहाराचा, म्हणजे प्रशासकीय विभागाचा, निर्देश येतो तो हाच कामरेजचा मुलूख, असा इतिहाससंशोधकांचा निर्णय आहे. तापी आणि नर्मदा यांच्या मुखांभोवतीच्या या भूभागास प्राचीन काळी लाट देश म्हणत. कामरेजपासून उत्तरेस साठेक किलोमीटर गेले की नर्मदातीरीचे भडोच लागते. मराठी गद्याचा आद्य चरित्रग्रंथ ज्या पुरुषाच्या उक्ति-कृतींची नोंद करण्यासाठी निर्माण झाला, तो पुरुष या भडोचचा. जन्माने तो मराठी नव्हता, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी बोलली जात नाही.

महानुभाव पंथाच्या परंपरेप्रमाणे हरपाळदेव यांचा जन्म शके १११६ म्हणजे इसवी सन ११९४ मधला. पिता विशाळदेव हे भडोचच्या राजाचे प्रधान. घरात वैभव, दारात हत्तीघोडे, आणि सीमेवर सतत युद्धाचे सावट. देवगिरीचे यादव आणि गुर्जर सत्ताधीश यांच्यात लाट देशासाठी त्या काळी वारंवार झटापटी होत. प्रधानपुत्राला शस्त्रविद्या अवगत होती, कमळाईसा नावाची पत्नी होती. अशा स्थितीत त्यास अकाली मृत्यू आला. देह स्मशानात नेल्यावर तो पुन्हा उठून बसला, असे लीळाचरित्र सांगते. त्याच सुमारास द्वारकेत वास्तव्य असलेल्या श्रीचक्रपाणींनी आपला देह ठेवला आणि भडोचच्या स्मशानातील या देहात प्रवेश केला, अशी पंथाची श्रद्धा आहे. परमेश्वराच्या अवतारग्रहणाचे तीन प्रकार महानुभाव शास्त्र मानते. गर्भापासून देह धारण करणे हा एक, गर्भातील जीवास दूर सारून तो देह घेणे हा दुसरा, आणि पतित म्हणजे जीवाने सोडून दिलेला देह स्वीकारणे हा तिसरा. श्रीचक्रधरांचा अवतार या तिसऱ्या प्रकारचा. आधुनिक वाचकाने या कथेचे काय करावयाचे ते त्याने ठरवावे. परंतु पुढे या पुरुषाने जे तत्त्वज्ञान सांगितले त्यातील पहिले सूत्र या कथेतच आले आहे. देह वेगळा आणि देहात राहणारा वेगळा.

घरी परत आलेल्या हरपाळदेवांचा संसार पूर्ववत सुरू झाला. त्यांना द्यूताची आवड होती. एकदा ते मोठी रक्कम हरले आणि ती फेडण्यासाठी पत्नीकडे अलंकार मागावयास गेले. कमळाईसेने ते देण्याचे नाकारले. पुढे विशाळदेवांनी ऋण चुकते केले, पत्नीचाही राग निवळला, लौकिकदृष्ट्या प्रकरण तेथेच मिटले. परंतु हरपाळदेवांच्या मनात ते मिटले नाही. प्रेम म्हणून जे समजले जाते त्याची मर्यादा कोठे येते हे त्यांना दिसले होते. चरित्रकाराने हा प्रसंग झाकून ठेवलेला नाही. ज्याला परमेश्वरावतार मानायचे त्याचे द्यूत आणि त्याची हार निःसंकोच लिहून ठेवणे, हा प्रामाणिकपणा संतचरित्रांत विरळाच म्हणावा लागेल.

रामयात्रेचे निमित्त करून ते रामटेककडे निघाले. एकुलत्या पुत्रास एकटे पाठविण्यास पिता तयार नव्हता. सोबत सेवक, घोडे, सामग्री असा सरंजाम दिला. वाटेत एकेक मुक्काम होत गेला तसतसे त्यांनी एकेकाला परत पाठविले. विदर्भातील रिद्धपूर येथे पोहोचले तेव्हा ते एकटे होते. रिद्धपुरात गोविंदप्रभू राहत. लोक त्यांना वेडे समजत. ते बाजारातून, देवळांतून मनाला येईल तसे हिंडत, हाताला येईल ते खात. त्यांनी आपल्या हातातील शेंगुळ्याचा प्रसाद या परदेशी तरुणाला दिला, आणि त्या प्रसादाबरोबर ज्ञानशक्तीचा स्वीकार झाला, अशी पंथाची धारणा आहे. या भेटीत दीर्घ उपदेश नाही, दीक्षाविधी नाही. भडोचचा प्रधानपुत्र येथे संपला.

पुढील बारा वर्षे सालबर्डीच्या डोंगरात गेली. त्यानंतर आंध्रदेशात भ्रमण, तेथे एका घोड्याच्या व्यापाऱ्याच्या हंसांबा नावाच्या कन्येशी विवाह, आणि तेही घर सोडून पुन्हा भ्रमण, असा क्रम लीळाचरित्राच्या एकांक या पहिल्या भागात आला आहे. या एकाकी काळातील एक प्रसंग महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. पारध्यांची कुत्री पाठीस लागलेला एक ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारध्यांनी तो मागितला. शरण आलेला प्राणी देता येणार नाही, एवढेच स्वामींनी सांगितले. पारध्यांशी त्यांनी वाद घातला नाही, त्यांचा धिक्कारही केला नाही. त्या मुक्या जीवाने काय अपराध केला याचा विचार मात्र करावयास लावला. पारध्यांनी शिकारच सोडली, असे चरित्रकार सांगतो. पंथाची अहिंसा पुढे इतकी कसोशीची झाली की वेलीचे पान तोडणेही वर्ज्य ठरले. तिचे मूळ या मांडीखालच्या सशापाशी शोधावे लागेल.

इसवी सन १२६७ च्या सुमारास स्वामी गोदातीरी पैठण येथे आले. येथून त्यांचे एकाकीपण संपते आणि परिवार जमू लागतो. बाईसा नावाची वृद्ध तपस्विनी प्रथम आली आणि तिने अखेरपर्यंत स्वामींची सेवा केली. पाठोपाठ नागदेव ऊर्फ भटोबास, महदाईसा, सारंगपंडित, सराळ्याचे म्हाइंभट, आणि आणखी कितीतरी.

देवालयांची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या महाजन कुटुंबांच्या दृष्टीने या चरित्रातील सर्वांत लक्षणीय गोष्ट येथे सुरू होते. पुढील सात वर्षे या पुरुषाने जवळजवळ सर्व मुक्काम देवळांत केले. पैठणास भोगनारायणाचे देऊळ, वेरूळच्या लेण्यांत सुमारे दहा महिने, लोणार, सिन्नर, डोंबेग्राम, आणि गोदाकाठची असंख्य लहानमोठी स्थाने. मठ बांधला नाही, आश्रम काढला नाही, जमीन घेतली नाही. देवळाच्या चौकात किंवा पटिशाळेत बाईसा सडासंमार्जन करीत, आसन घालीत. सकाळचा पूजावसर होई, मग स्वामी विहरणास म्हणजे फिरावयास एखाद्या जवळच्या देवळाकडे किंवा नदीकडे जात, तेथे निरूपण होई, परत आल्यावर जेवण, मग पहुड. लीळाचरित्र वाचताना यादवकालीन महाराष्ट्रातील देवळांची एक संपूर्ण वसती डोळ्यांपुढे उभी राहते. कोणाचे पौळ ढासळले होते, कोणत्या देवळात वाटसरू उतरत, कोठे गुरव होते, हे सारे त्या निमित्ताने नोंदले गेले.

आणि याच देवळांच्या ओसऱ्यांवर बसून त्यांनी असे सांगितले की देवता जीवाला मोक्ष देऊ शकत नाहीत.

हे विधान वाचताच भाविकाला धक्का बसावा हे स्वाभाविक आहे. आठशे वर्षांपूर्वी तो याहून मोठा बसला असेल. परंतु त्याचा अर्थ नीट समजून घेण्यासाठी स्वामींनी केलेली विश्वाची मांडणी पाहिली पाहिजे. ती मोठी रेखीव आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांपासून भिन्न आहेत. एकातून दुसरा निघाला नाही आणि एक दुसऱ्यात विरून जाणार नाही. जीव असंख्य आहेत. अनादी अविद्येने ते बांधलेले आहेत, परंतु सुटू शकतात. म्हणून जीव हा बद्धमुक्त. देवता या नित्यबद्ध. त्यांना अधिकार आहे, सामर्थ्य आहे, भक्ताला फल देण्याची क्षमता आहे, मात्र त्यांची स्वतःची मर्यादा ओलांडण्याची सोय त्यांना नाही. ग्रामदेवतांपासून मायेपर्यंत त्यांची एक चढती श्रेणी आहे आणि एकूण संख्या सव्वाएक्याऐंशी कोटींहून अधिक मानलेली आहे. प्रपंच म्हणजे पंचमहाभूते आणि तीन गुण यांचे जड विश्व. कार्यरूपाने ते नाशवंत, कारणरूपाने नित्य. परमेश्वर एकटाच नित्यमुक्त.

मग सृष्टी कशासाठी? अनेक दर्शने या प्रश्नापाशी अडखळतात, कारण पूर्ण असलेल्याला काही उत्पन्न करण्याची गरज काय, हे सांगणे अवघड जाते. स्वामींचे उत्तर करुणेच्या अंगाने येते. संहारकाळी जीव अविद्येच्या अंधारात निश्चेष्ट पडलेले असतात. तसेच राहिले तर त्यांना सुटण्याची संधी कधीच मिळणार नाही. परमेश्वराच्या प्रवृत्तीने माया सृष्टी रचते ती या जीवांना देह मिळावा, कर्म करता यावे, आणि कधीतरी ज्ञानाशी गाठ पडावी म्हणून. देवतांची फळे, स्वर्ग, नरक, पुन्हा कर्मभूमी असा प्रवास होत राहतो. देवतेची उपासना निष्फळ आहे असे स्वामींनी म्हटले नाही. ती फळ देते, परंतु फळ भोगून संपते. ज्याला पुत्र, धन, आरोग्य, स्वर्ग हवा त्याने तेथे जावे. ज्याला सुटका हवी त्याने देणारा कोण हे ओळखावे. आंधळ्यांनी हत्ती चाचपल्याचा दृष्टांत त्यांनी दिला आहे. कोणाला तो खांब वाटला, कोणाला सूप. प्रत्येकाचा अनुभव खरा होता. तो हत्तीच्या एका अवयवाचा होता एवढेच.

ही मांडणी अद्वैताहून स्पष्टपणे वेगळी आहे. शंकराचार्यांच्या मते जीव आणि ब्रह्म यांतील भेद अज्ञानाचा आहे. श्रीचक्रधरांच्या मते जीव कधीही परमेश्वर होत नाही. मुक्तीतही तो परमेश्वराचा आनंद भोगतो, परमेश्वर बनत नाही. त्याच तेराव्या शतकात दक्षिणेत मध्वाचार्य पंचभेदांचा सिद्धांत सांगत होते. या दोघांची भेट झाल्याचा काही पुरावा नाही आणि दोघांच्या देवताविचारांत मोठे अंतर आहे. तरीही जीव आणि ईश्वर यांतील भेद खरा आहे, ही गोष्ट दोघांनी सारख्याच आग्रहाने धरली. कवळे मठाची अद्वैत परंपरा आणि पर्तगाळी मठाची द्वैत परंपरा यांतील कुटुंबे गोमंतकातील एकाच गावात शेजारी राहतात, त्यांना हा वाद नवा नाही. स्वामींच्या निर्याणानंतर अवघ्या सोळा वर्षांनी, १२९० मध्ये, पैठणच्याच परिसरातील नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि मराठीत अद्वैताचा सर्वोत्तम ग्रंथ अवतरला. गोदावरीच्या एका टापूत, एका पिढीच्या अंतराने, एकाच भाषेत ही दोन दर्शने बोलली गेली, हे त्या शतकाचे वैभव होय.

तत्त्वज्ञानाची खरी परीक्षा आचारात होते. जीव हा देहाहून भिन्न आहे असे म्हणणारे पुष्कळ झाले. परंतु मग जीवाला जात नाही आणि जीव पुरुष किंवा स्त्रीही नाही, हे पुढचे पाऊल टाकणारे थोडे. स्वामींनी ते टाकले. अस्पृश्य मानलेल्या माणसाने आणलेला लाडू त्यांनी स्वीकारला आणि परिवारात वाटला. स्त्रियांना संन्यासाचा आणि मोक्षाचा अधिकार पुरुषांइतकाच आहे असे सांगून त्यांनी तो दिला. स्त्रीचा मासिक विटाळ हा शरीराच्या अन्य स्रावांसारखाच सहज धर्म असून त्यात अपवित्र काही नाही, असे त्यांनी आपल्या भक्त स्त्रियांना समजावून दिले. हे तेराव्या शतकात, देवळाच्या ओसरीवर बसून. त्या काळच्या किती घरांनी ते ऐकून घेतले असेल? आजही किती घरे ऐकून घेतील?

शिष्यांसाठी मात्र त्यांचे नियम कठोर होते. अपरिचित प्रदेशात हिंडावे, झाडाखाली राहावे, भिक्षेवर जगावे, कोणत्याही स्थानात जीव गुंतू देऊ नये. विषयबहुल म्हणून कानडी आणि तेलुगू देशांत जाऊ नये, महाराष्ट्रातच राहावे, असेही त्यांनी सांगून ठेवले. गुजराती मातृभूमीच्या पुरुषाने आपल्या शिष्यांना महाराष्ट्रात बांधून ठेवले आणि स्वतः मराठीतच निरूपण केले. मराठी भाषेचे भाग्य यात किती आहे याचे मोजमाप सोपे नाही.

विरोध अटळ होता. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री हा स्वतः मोठा विद्वान. त्याच्या चतुर्वर्गचिंतामणी या ग्रंथाच्या व्रतखंडात नाना देवतांची, नाना तिथींची, नाना फळांची शेकडो व्रते सविस्तर दिली आहेत. त्या व्रतांभोवती दान, दक्षिणा, पुरोहित आणि देवालये यांची एक भरभक्कम व्यवस्था उभी होती. अमुक व्रताने अमुक फळ मिळते हे स्वामी अमान्य करीत नव्हते. ते फळ अखेरचे नव्हे, एवढेच ते म्हणत. परंतु व्यवस्थेला एवढेही सोसणारे नव्हते. हेमाद्रीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. विखुरलेल्या समाजाला आचाराच्या धाग्याने बांधून ठेवण्याचे काम त्याने मोठ्या परिश्रमाने केले होते, आणि तो धागा कोणी सैल करीत आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटले असेल. स्वामींना धरून नेले गेले, त्यांना यातना झाल्या. या अखेरच्या प्रसंगांच्या तपशिलाविषयी पोथ्यांत आणि अभ्यासकांत मतभेद आहेत. पंथाच्या श्रद्धेप्रमाणे १२७४ मध्ये स्वामींनी उत्तरापंथे गमन केले, आणि ते आजही तेथे विद्यमान आहेत.

मागे राहिलेल्यांची स्थिती दारुण झाली. भटोबास आणि इतर शिष्य रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत गेले. म्हाइंभट एकेकाळी विद्वत्तेच्या अभिमानाने वाद घालण्यासाठी स्वामींकडे आले होते; तेच आता स्वामींची प्रत्येक आठवण गोळा करण्याच्या कामाला लागले. ज्याने जी लीळा प्रत्यक्ष पाहिली त्याच्याकडे जाऊन ती विचारावी, दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तोही नोंदवावा, ही त्यांची पद्धत होती. लिहिण्याचे काम रिद्धपुरातील वाजेश्वरीच्या देवळात झाले. म्हणजे स्वामींचे चरित्रही अखेर एका देवळातच सिद्ध झाले. केशिराजबास यांनी स्वामींची वचने सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ या ग्रंथांत एकत्र केली. दृष्टांतांची संख्या ११४ आहे. पंथातील विद्वानांना संस्कृतात लिहिण्याचा मोह होता. भटोबासांनी तो आवरला. स्वामींच्या परिवारातील म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील, हे त्यांचे कारण होते. महदाईसेने धवळे रचले आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव राहिले.

चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली. ज्यांना जेवढे पाठ होते त्यांनी तेवढे पुन्हा लिहून काढले. त्यामुळे पोथ्यांचे अनेक पाठ तयार झाले. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत ठेवले आणि विसाव्या शतकापर्यंत ते बाहेरच्या जगास जवळजवळ अज्ञात राहिले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तिच्या प्राचीन वाङ्मयाच्या पुराव्यांत या ग्रंथाचा उल्लेख अग्रभागी होता.

स्वामी जेथे जेथे बसले, निजले, जेवले, त्या जागांची नोंद मुनिव्यास कोठी यांच्या स्थानपोथीत आहे. देऊळ कोणते, त्याचे द्वार कोणत्या दिशेस, आसन चौकाच्या कोणत्या कोपऱ्यात, इतका तो तपशील सूक्ष्म आहे. पंथीयांनी त्या जागी दगडी ओटे बांधले. ही देवळे विष्णूची, शिवाची, देवीची, गणेशाची. त्यांतील कित्येक आज पडलेली आहेत, काही नव्याने बांधली गेली, काहींची मूर्तीही आता जागेवर नाही. महानुभाव यात्रेकरू तेथे येतो. गाभाऱ्याकडे तो वळत नाही. पोथीत सांगितलेल्या कोपऱ्यातील ओट्यावर डोके टेकवतो, तेथील धूळ कपाळाला लावतो आणि पुढच्या देवळाची वाट धरतो.